फेलोशिपच्या अर्जाआधी आपला प्रश्न ठरवा

पत्राचा सारांश: मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या २८ वर्षांच्या वाचक लिहितात की, भूगोलात एम.ए. झाल्यावर त्यांनी दीड वर्ष पाणलोट विकासाचे काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेत पूर्णवेळ नोकरी केली आणि गेली चार वर्षे त्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. आठवड्याला नऊ तासिका मिळतात. मानधन कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षाअखेरीस हातात पडते. मागच्या वर्षी त्या नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्या, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळाली, पण त्याच परीक्षेतल्या गुणांवर संशोधनासाठी मिळणारी जेआरएफ ही फेलोशिप थोड्या गुणांनी हुकली. त्यानंतर त्यांनी देशातल्या आणि परदेशातल्या अनेक फेलोशिपसाठी अर्ज केले, परंतु एकाही ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आले नाही. ‘फेलोशिप ही पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी असते, आमच्यासारख्यांसाठी नाही,’ अशी त्यांची समजूत होऊ लागली आहे. तिशी जवळ आल्यामुळे जेआरएफचा मार्गही बंद होत असल्याचे त्या म्हणतात. एका सल्लागाराने ६५ हजार रुपयांत परदेशी फेलोशिपची ‘हमी’ दिली असून पतसंस्थेतून कर्ज काढून ते पैसे भरावेत आणि तासिका सोडून वर्षभर त्याच कामाला लागावे, असा त्यांचा विचार आहे. वडील म्हणतात, हा नाद सोड आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कर. पत्राच्या शेवटी एका ओळीत त्यांनी लिहिले आहे की, ‘तसे माझे विद्यार्थ्यांबरोबर विहिरींची पाणीपातळी मोजण्याचे काम चालू असते.’ या दोन वाटांपैकी कोणती निवडू, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

तुमचे पत्र वाचताना मी सर्वांत जास्त वेळ त्या शेवटच्या ओळीवर थांबले. पाच गावांतल्या बावीस विहिरी, मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा, सलग चार वर्षे, असा तपशील तुम्ही कंसात दिला आहे. एवढ्या लांबलचक पत्रात हाच भाग तुम्हाला कंसात टाकावासा वाटला, आणि मला शंका आहे की तुमच्या अर्जांतही त्याची जागा अशीच शेवटी, नाही तर अजिबातच नसेल. तुमचे अर्ज मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे ते का नाकारले गेले हे मी सांगू शकत नाही. मात्र तुमच्या पत्रातल्या तीन गृहीतकांविषयी मला तुमच्याशी सविस्तर बोलायचे आहे, कारण हीच गृहीतके मला अनेक वाचकांच्या पत्रांत दिसतात.

पहिले गृहीतक असे की, फेलोशिप हे हुशारीचे बक्षीस आहे आणि ते मिळाले नाही म्हणजे आपण कमी पडलो. दहावीपासून गुणपत्रिका हाच आपल्या शिक्षणाचा केंद्रबिंदू असल्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण फेलोशिप देणारी प्रत्येक संस्था स्वतःच्या काही हेतूसाठी पैसे खर्च करत असते आणि तो हेतू पुढे नेणारी माणसे शोधत असते. १९१३ साली बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेतला होता. सयाजीराव महाराजांची विद्येविषयीची कळकळ खरी होती आणि संस्थानाला शिकलेली माणसे हवी होती, हेही तितकेच खरे होते. आजही परिस्थिती वेगळी नाही. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती अर्जदाराला नेतृत्वाविषयी आणि लोकसंपर्काविषयी प्रश्न विचारते, आणि शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट घालते. कारण त्या सरकारला पुढे आपापल्या देशात निर्णय घेणाऱ्या जागांवर जाणारी माणसे हवी असतात. फुलब्राइट-नेहरू फेलोशिपमागे भारत आणि अमेरिका या दोन देशांतली देवाणघेवाण हा हेतू आहे. महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री फेलोशिपला शासनाच्या कामात हात घालणारे तरुण हवे आहेत. म्हणून कोणत्याही जाहिरातीसमोर बसताना, ‘मी याला पात्र आहे का’ या प्रश्नाच्या आधी, ‘यांना काय हवे आहे आणि माझ्या कामाशी ते कुठे जुळते’ हे स्वतःला विचारायला हवे. एकच निबंध थोडाफार बदलून सगळीकडे पाठवला की तो कोणाच्याच हेतूला उत्तर देत नाही.

हे शोधायचा एक साधा मार्ग आहे, आणि तो फुकट आहे. बहुतेक फेलोशिप आपल्या संकेतस्थळावर आजवरच्या फेलोंची नावे आणि त्यांच्या कामाची थोडक्यात माहिती देतात. ती यादी सावकाश वाचावी. कोणत्या विषयांना पैसे मिळाले, किती अनुभवाची माणसे घेतली, कोणत्या भागातली घेतली, हे त्यातून दिसते आणि अनेकदा नियमावलीपेक्षा जास्त कळते. त्यातल्या एखाद्या फेलोला दोन नेमके प्रश्न विचारणारे पत्र पाठवायला संकोच करू नका. ‘मला मार्गदर्शन करा’ असे मोघम लिहिले तर उत्तर येण्याची शक्यता कमी. ‘तासिका तत्त्वावरचा अनुभव तुमच्या वेळी धरला गेला होता का’ असे विचारले तर समोरच्याला दोन ओळींत उत्तर देता येते.

दुसरे गृहीतक इंग्रजी माध्यमाचे. परदेशी फेलोशिपचा अर्ज आणि मुलाखत इंग्रजीत होते, आणि ज्यांच्या घरी ती भाषा बोलली जाते त्यांना त्याचा फायदा मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा या जाहिरातींची माहिती देणारे कोणी नसते, हा अन्यायही खरा आहे. तरीही माझे मत असे आहे की, आपल्याकडच्या अर्जांचे नुकसान भाषेपेक्षा आशयाने जास्त होते. आपण अर्जात काय लिहितो ते पाहा: ‘लहानपणापासून मला पर्यावरणाची अतिशय आवड आहे. माझे वडील शेतकरी असून त्यांनी अत्यंत कष्टातून मला शिकवले. आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी तिचे सोने करेन.’ यातले प्रत्येक वाक्य प्रामाणिक आहे, पण हे परिच्छेदच्या परिच्छेद महाराष्ट्रातला कोणताही अर्जदार स्वतःच्या नावाने पाठवू शकतो. तो वाचणाऱ्या माणसाला तुमच्या हातून आजवर काय घडले आणि पुढे काय घडेल, याचा पत्ता लागत नाही.

त्याच जागी तुमच्या पत्रातल्या मजकुरावरूनच असे लिहिता येईल: ‘गेली चार वर्षे मी आमच्या तालुक्यातील पाच गावांतल्या बावीस विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजते आहे. विहिरींची निवड मी केली, नोंदीचा तक्ता मी तयार केला आणि दरवर्षी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मोजणी शिकवते. ज्या गावांत कूपनलिका वाढल्या तिथल्या उघड्या विहिरी लवकर आटतात का, हे मला तपासायचे आहे, आणि त्यासाठी खडकातील भूजलाच्या अभ्यासाच्या ज्या पद्धती लागतात त्या मला शिकायच्या आहेत.’ यात एकही अवघड वाक्य नाही. आधी मराठीत असेच लिहा, मग लहान लहान वाक्यांत इंग्रजीत उतरवा आणि इंग्रजीच्या एखाद्या सहकाऱ्याकडून फक्त व्याकरण तपासून घ्या. त्यांना मजकूर सजवू देऊ नका.

या परिच्छेदात ‘मी’ किती वेळा आला, हेही लक्षात घ्या. आपल्या संस्कारात ‘आम्ही सर्वांनी मिळून केले’, ‘सरांच्या मार्गदर्शनाखाली झाले’ असे म्हणणे शोभते, आणि गावात ते योग्यही आहे. अर्ज वाचणाऱ्याला मात्र त्या कामातला तुमचा वाटा वेगळा काढता आला पाहिजे. ज्यांनी मदत केली त्यांचा उल्लेख एका वाक्यात करा आणि स्वतः केलेले काम स्वतःच्या नावावर सांगा. त्यात गर्व नाही. सात-बारा मागितल्यावर आपण जमिनीचे वर्णन करत बसत नाही, नोंद दाखवतो; अर्जातल्या प्रत्येक दाव्यामागेही तशी एक नोंद असावी. नोंदवह्यांची छायाचित्रे, विद्यार्थ्यांची हजेरी, ग्रामपंचायतीला दिलेले पत्र, जे असेल ते एका फायलीत लावून ठेवा.

माझ्या दृष्टीने तुमच्यापुढचा खरा प्रश्न इथेच आहे. चार वर्षांच्या नोंदी हातात असताना त्यांच्यातून तुम्हाला नेमके काय शोधायचे आहे, हे अजून तुम्ही कागदावर उतरवलेले नाही. मराठवाड्याचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकावर वसलेला आहे, आणि या खडकात पाणी फटींत आणि झिजलेल्या थरांत मिळेल तेवढेच साठते. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरींचे वागणेही वेगळे असू शकते. राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी नियमित मोजते. त्यांच्या तुमच्या तालुक्यातल्या नोंदी मिळवून तुमच्या बावीस विहिरींच्या नोंदींशेजारी ठेवल्या, तर तुमच्या जाळ्यात काय जास्तीचे सापडले हे दिसेल. गावांच्या सहभागातून भूजलाचे नियोजन करणाऱ्या अटल भूजल योजनेत तुमच्या पाचपैकी एखादे गाव असेल, तर त्या गावाचा पाण्याचा ताळेबंदही तयार झालेला असेल. हा तुलनेचा तक्ता आणि त्यावर दीड पानाचे टिपण, एवढे हाती आले की कोणत्या फेलोशिपला अर्ज करायचा याचे उत्तर निम्म्याहून अधिक आपोआप मिळते.

आता तिसरे गृहीतक, वयाचे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, जेआरएफसाठी ३० वर्षांची कमाल मर्यादा आहे, हे बरोबर; पण महिलांना त्यात पाच वर्षांची सूट आहे. इतर मागासवर्ग (नॉन-क्रिमिलेअर), अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांनाही ती मिळते. म्हणजे तुमच्यासाठी हा मार्ग ३५ व्या वर्षापर्यंत खुला आहे, आणि परीक्षा साधारणपणे वर्षातून दोनदा होते. केवळ ऐकीव माहितीवर तुम्ही सात वर्षे आधीच तो बंद केलात, याचे मला वाईट वाटले. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला तर वयोमर्यादाच नाही.

तुम्ही ज्याला हुकलेली संधी म्हणता, तीच तुमच्यासाठी पहिली निवड असावी, असे मला वाटते. जेआरएफमध्ये पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात. हे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत आणि घरभाडे भत्ता वेगळा असतो. एकूण मुदत पाच वर्षांची. तासिकांच्या मानधनाची वाट पाहत वर्ष काढणाऱ्या माणसासाठी ही स्थिर रक्कम आहे. दुसरे म्हणजे, तिथे निबंध नाही, शिफारसपत्र नाही, मुलाखतीतले सफाईदार इंग्रजी नाही. १५० प्रश्न, ३०० गुण आणि तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ओळखीपाळखी नसलेल्या, लहान गावातल्या माणसाला याहून समान संधी देणारी दुसरी फेलोशिप माझ्या माहितीत नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते ही मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची अडचण खरी आहे. राज्याची सेट परीक्षा मराठीतही देता येते, पण तिच्यातून फक्त पात्रता मिळते, फेलोशिप नाही. तुम्ही एकदा पात्रतेपर्यंत पोहोचलेल्या आहात. बहुतेक उमेदवार सगळी मेहनत विषयाच्या पेपरवर घेतात आणि पहिल्या सर्वसाधारण पेपरच्या १०० गुणांकडे दुर्लक्ष करतात. तुमचे त्या पेपरातले गुण काढून बघा. जेआरएफ आणि तुमच्यातले अंतर कदाचित तिथेच असेल.

जेआरएफची वाट पाहत पीएचडी थांबवायचीही गरज नाही. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी धरले जातात. जेआरएफ नसलेल्या पात्र उमेदवारांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. मात्र हे गुण एकच वर्ष ग्राह्य असतात. तुमचा निकाल कोणत्या तारखेचा आहे ते आजच पाहा. मुदत शिल्लक असेल तर छत्रपती संभाजीनगर, नांदेड, पुणे अशा ठिकाणच्या विद्यापीठांच्या प्रवेशसूचनांवर लक्ष ठेवा आणि त्याआधी मार्गदर्शक शोधा. यूजीसीच्या नियमानुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे जागा कोणाकडे रिकामी आहे हे आधी विचारावे लागते. वर सांगितलेले दीड पानाचे टिपण सोबत असेल, तर मार्गदर्शकाशी होणारे पहिले बोलणेच वेगळ्या पातळीवर सुरू होते. एक सावधगिरी बाळगा. तासिका सांभाळता याव्यात म्हणून अनेक जण अर्धवेळ पीएचडीला नोंदणी करतात. नियमात ती सोय आहे, पण बहुतेक फेलोशिप पूर्णवेळ संशोधकांनाच मिळतात. नोंदणीच्या अर्जावरचा हा एक पर्याय पुढची तीन-चार वर्षे ठरवतो.

नोंदणी झाली की आणखी काही पर्याय खुले होतात, आणि जेआरएफ नसलेल्यांसाठी ते फार महत्त्वाचे आहेत. आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद, पीएचडीसाठी फेलोशिप देते. तुमचा विषय भूजल आणि गावाचे व्यवहार यांच्या सीमेवर असल्यामुळे सामाजिक भूगोलाच्या अंगाने तो मांडता येईल. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही आणि लिहायची गरजही नव्हती; पण इतर वाचकांच्याही उपयोगासाठी सांगते की, अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी पुण्याची बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, तसेच अनुसूचित जमातींच्या संशोधकांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे. आईवडिलांची एकुलती एक मुलगी असलेल्या पूर्णवेळ संशोधिकांसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. तुमच्या पत्रात भावाचा उल्लेख आहे, त्यामुळे ती तुम्हाला लागू नाही. या सगळ्यांच्या जाहिराती ठरलेल्या महिन्यात येतीलच असे नसते आणि अर्जाला दिवस थोडे मिळतात. जातवैधता प्रमाणपत्र आधीच काढलेले हवे, आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते हे लक्षात ठेवून एप्रिलमध्येच नवे काढायला द्यावे. ऐन वेळी सेतू केंद्रात अर्ज अडकल्यामुळे फेलोशिप गेल्याची पत्रे मला येतात, आणि ती वाचताना फार हळहळ वाटते.

परदेशाचे काय, असे तुम्ही विचाराल. तिथेही आधी अटी नीट तपासू. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपला संबंधित क्षेत्रातला किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव लागतो. तुमची पूर्णवेळ नोकरी दीड वर्षाची. तासिकांची चार वर्षे पूर्णवेळ म्हणून दाखवता येणार नाहीत. तुम्ही तिथे केलेला अर्ज पात्रतेच्या पहिल्याच चाळणीत अडकला असण्याची शक्यता आहे, आणि तसे असेल तर तुमच्या बुद्धिमत्तेविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. चेव्हनिंगचा हिशेब वेगळा आहे. तिथे दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा अनुभव मागतात आणि त्यात अर्धवेळ व स्वयंसेवी कामही धरतात. आठवड्याला नऊ तासिका आणि वर्षाला साधारण तीस आठवडे धरले तर चार वर्षांचे सुमारे १,०८० तास होतात. स्वयंसेवी संस्थेतली दीड वर्षे आठवड्याला चाळीस तासांनी मोजली तर जवळपास तीन हजार. म्हणजे तुम्ही तिथे पात्र ठरता, फक्त त्या संस्थेकडून तारखा आणि कामाचे स्वरूप लिहिलेले अनुभव प्रमाणपत्र हवे. चेव्हनिंगला स्वतःची इंग्रजी चाचणीची अट नाही, पण ज्या ब्रिटिश विद्यापीठात प्रवेश घ्यायचा ते ती मागू शकते.

पात्र आहात म्हणून लगेच अर्ज करावा, असे मात्र मी म्हणणार नाही. चेव्हनिंग एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आहे. तुमच्या पत्रात ठिकठिकाणी शिकवण्याविषयीचे प्रेम दिसते, आणि महाराष्ट्रात कायम प्राध्यापक व्हायचे असेल तर दुसऱ्या एम.ए.पेक्षा पीएचडीचे वजन जास्त पडते. जलव्यवस्थापनात किंवा धोरणाच्या क्षेत्रात काम करायचे असेल, तर ते एक वर्ष फार मोलाचे ठरेल. हे दोन वेगवेगळे आयुष्यक्रम आहेत आणि त्यांतली निवड फेलोशिपच्या जाहिरातीने करू नये. आणखी एक शक्यता मला तुमच्यासाठी जास्त योग्य वाटते: फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल रिसर्च फेलोशिप भारतात पीएचडी करणाऱ्यांना सहा ते नऊ महिने अमेरिकेतल्या विद्यापीठात संशोधन करण्यासाठी मिळते आणि त्यासाठी भारतातली नोंदणी आधीची असावी लागते. म्हणजे परदेश तुमच्या वाटेवर आहेच. तो दोन-तीन वर्षांनी, स्वतःचा प्रश्न आणि स्वतःच्या नोंदी घेऊन जाण्यासारखा आहे.

तुमच्याहून लहान वाचकांसाठी थोडक्यात: मुख्यमंत्री फेलोशिपला आजवर २१ ते २६ वयाची, ६० टक्के गुणांसह पदवीची आणि एक वर्षाच्या अनुभवाची अट राहिली आहे, आणि तिथे मराठी येणे आवश्यक असते. पंचविशीच्या आतल्यांना खासदारांबरोबर संसदीय संशोधनाचे काम शिकवणारी लॅम्प फेलोशिप आहे. शाळेत शिकवायची तयारी असेल तर दोन वर्षांची टीच फॉर इंडिया, आणि गावात राहून काम करायचे असेल तर तेरा महिन्यांची एसबीआय यूथ फॉर इंडिया. दरवर्षीच्या अटी त्या त्या वर्षीच्या अधिकृत सूचनेतच पाहाव्यात. ‘फेलोशिप’ किंवा ‘शिष्यवृत्ती’ या नावावर विसंबून राहू नका. काही खासगी विद्यापीठांचे ‘फेलोशिप’ नावाचे अभ्यासक्रम शुल्क घेऊन चालतात, आणि १८९२ साली सुरू झालेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटची शिष्यवृत्ती ही कर्जाऊ असते, ती फेडायची असते. दोन्हींत गैर काही नाही, पण घरच्यांशी बोलण्याआधी हे माहीत असावे.

शिफारसपत्राविषयी दोन शब्द, कारण तुमच्या पत्रात ‘प्राचार्यांचे आणि आमदारांचे पत्र जोडले होते’ असा उल्लेख आहे. हुद्दा मोठा असला म्हणजे पत्राचे वजन वाढते, असे नाही. ज्यांनी तुम्हाला विहिरीच्या काठावर टेप सोडताना पाहिले आहे त्यांचे पत्र उपयोगी पडते: स्वयंसेवी संस्थेतल्या तुमच्या वरिष्ठांचे, एम.ए.च्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांचे. आपल्याकडे अनेक जण ‘तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो’ असे म्हणतात. त्या वेळी तयार पत्र न देता, त्यांच्यासमोर तुम्ही केलेल्या तीन-चार कामांची तारखांसह एक पानाची यादी द्या, फेलोशिपचा हेतू दोन ओळींत लिहा आणि मुदतीच्या किमान महिनाभर आधी द्या. त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहिणे सोपे जाईल असे पाहा. दोन शिफारसपत्रांची आणि निबंधाची भाषा एकच असेल तर वाचणाऱ्याच्या ते लक्षात येते.

सल्लागाराला पैसे देऊ नका. फुलब्राइट किंवा चेव्हनिंगच्या अर्जाला शुल्क नाही, आणि निवड समितीच्या बाहेरचा कोणीही निवडीची हमी देऊ शकत नाही. जो देतो त्याच्या बाकीच्या माहितीवरही विश्वास ठेवता येत नाही. तो लिहून देईल तो निबंध तुमचा नसेल आणि मुलाखतीत त्यातल्या प्रत्येक वाक्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. पतसंस्थेचे कर्ज तर नकोच. तासिकाही आत्ता सोडू नका. तुमचे विद्यार्थी आणि त्यामुळे तुमच्या विहिरींची मोजणी त्या महाविद्यालयाशी जोडलेली आहे. पूर्णवेळ फेलोशिप हाती आली की तो निर्णय घेता येईल.

वडिलांची काळजी मला रास्त वाटते. त्यांना दिसते ते असे की, मुलगी चार वर्षे अनिश्चित मानधनावर आहे आणि अर्जांना उत्तर येत नाही. त्यांच्याशी फेलोशिपच्या मोठेपणाविषयी बोलू नका. मुदत आणि आकडे घेऊन बोला, आणि त्यांच्याकडे दीड वर्षाची मुदत मागा. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठीही ३८ आहे, त्यामुळे दीड वर्षाने तो पर्याय हातातून जाणार नाही, हे त्यांना सांगा. या दीड वर्षात नेटच्या पुढच्या दोन परीक्षा जेआरएफसाठी द्यायच्या, नोंदींचे टिपण घेऊन किमान तीन मार्गदर्शकांना भेटायचे, एका ठिकाणी पूर्णवेळ पीएचडीची नोंदणी मिळवायची आणि त्यानंतर आयसीएसएसआर व तुम्हाला लागू असलेल्या संस्थेकडे अर्ज करायचा, असे त्यांच्यासमोर कागदावर लिहा. या मुदतीत नोंदणीही झाली नाही आणि जेआरएफही मिळाली नाही, तर स्पर्धा परीक्षेचा विचार दोघांनी मिळून पुन्हा करायचा, हेही त्याच कागदावर लिहा. मात्र निकालाची तारीख पाहण्याचे काम या चर्चेसाठी थांबवू नका. नेटच्या गुणांची मुदत उरली असेल तर मार्गदर्शकांना भेटायला याच महिन्यात निघावे लागेल.